सिझरनंतरचे दुखणे : सोसायचे किती, सांगायचे केव्हा?

‘सिझर झालं म्हणे. मग काय, कळा न देताच सुटली!’ बारशाच्या घरी हे वाक्य हमखास ऐकू येते. बोलणाऱ्या बाईच्या मनात वाईट काही नसते. तिची स्वतःची बाळंतपणे घरी, सुईणीच्या हातून झालेली असतात. रात्र रात्र कळा काढलेल्या असतात. त्या मानाने भूल देऊन तासाभरात बाळ हातात येणे तिला सोपे वाटते. पण हे वाक्य पलंगावरची बाळंतीणही ऐकत असते. मग आपल्याला दुखते आहे, हे सांगायचीच तिला चोरी होते.

या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत सिझरविषयी नेहमीच प्रश्न असतात. टाके पिकू नयेत म्हणून काय खाऊ नये? पाणी किती प्यावे? कमरेतल्या इंजेक्शनाने कंबर जन्माची जाते का? गोळ्यांनी दूध बिघडते का? प्रश्न वेगवेगळे असले तरी त्यांच्या मुळाशी गोष्ट एकच आहे. सिझरनंतरच्या दुखण्याचे काय करायचे, हे घरात कोणालाच नीट सांगितलेले नसते. म्हणून आजचा लेख त्यावर.

हा विषय आता मोजक्या घरांपुरता राहिलेला नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार त्याआधीच्या पाच वर्षांत देशातील 21.5 टक्के बाळंतपणे सिझरने झाली. महाराष्ट्रात हे प्रमाण 25.4 टक्के होते, म्हणजे चारांतील एक. त्यांतली किती खरोखर गरजेची होती, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. आज सिझर झालेले आहे असे धरून पुढचे पाहू.

पोटात नेमके काय झालेले असते?

सिझर ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. ओटीपोटाच्या खालच्या भागावर बहुधा आडवा छेद घेतात. जर्मन डॉक्टर फानेनश्टील यांनी 1900 साली वर्णन केलेली ही पद्धत आजही जगभर वापरात आहे. आधी कातडी, मग चरबी, मग पोटाच्या स्नायूंवरचे मजबूत पांढरे आवरण कापले जाते. स्नायू सहसा कापत नाहीत, मधोमध बाजूला सारतात. त्याखाली पोटाचे पातळ अस्तर आणि शेवटी गर्भाशय. बाळ आणि वार काढल्यावर गर्भाशय शिवून पोट थराथराने बंद केले जाते. बाहेरून आपल्याला दिसते ती वीतभराहून लहान रेघ. आतली शिवण दिसत नाही, म्हणून ती विसरली जाते.

हर्नियाचे ऑपरेशन झालेल्या घरधन्याला आपण महिनाभर पाण्याची बादली उचलू देत नाही. तो कण्हला तर सारे घर गोळा होते. सिझर झालेल्या बाईला मात्र त्याच रात्री दर दोन-तीन तासांनी बाळाला पाजायचे असते. एवढी एकच तुलना घरातल्या माणसांनी मनाशी करून पाहावी.

दुखणे एक नव्हे, चार प्रकारचे

पहिले दुखणे जखमेचे. हलल्यावर, खोकल्यावर, हसल्यावर, कुशीवर वळताना कळ येते. जखमेभोवती जळजळ होते आणि त्याच वेळी काही भाग बधिर लागतो. कातडीच्या बारीक नसा कापल्या गेल्याने असे होते. बधिरपणा काही महिन्यांत कमी होतो, काहींना थोडा कायम राहतो. त्यात घाबरण्याचे कारण नाही.

दुसरे दुखणे गर्भाशय आकसण्याचे. बाळ अंगावर पिऊ लागले की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक सुटते. ते दूध खाली उतरवते आणि गर्भाशयही आवळते. म्हणून नेमके पाजताना ओटीपोटात कळा येतात. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात त्या अधिक जोराच्या असतात. या कळांनी रक्तस्राव आटोक्यात राहतो, तेव्हा त्यांना भिऊन पाजणे थांबवू नये.

तिसरे दुखणे वाऱ्याचे. शस्त्रक्रियेनंतर आतडी काही काळ मंदावतात, पोट फुगते. कधी कधी उजव्या खांद्याच्या टोकाला दुखते आणि घरचे लोक हृदयाच्या भीतीने हबकतात. पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्याला खालून त्रास झाला की त्याची जाणीव खांद्यात होते. हिंडू-फिरू लागले की हे जाते. मात्र त्याबरोबर दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर ते वाऱ्याचे समजून बसू नये.

चौथे दुखणे पाठ, मान आणि कमरेचे. याचा दोष सरसकट भुलीच्या इंजेक्शनाला दिला जातो. सुई टोचलेल्या जागी चार-आठ दिवस ठणका असतो, हे खरे. पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीला ते इंजेक्शन कारण ठरत नाही, असेच अभ्यासांत दिसले आहे. गरोदरपणात सैल झालेले सांधे, ताणलेले पोटाचे स्नायू आणि तासन् तास वाकून पाजणे ही खरी कारणे आहेत. भुलीमुळे होऊ शकते ते वेगळेच, म्हणजे डोकेदुखी. बसले की डोके ठणकते, आडवे झाले की उतरते, अशी तिची ओळख. थोड्या बायकांना ती होते, पहिल्या काही दिवसांतच होते आणि तिच्यावर उपचार आहेत. तेव्हा ऑपरेशन झालेल्या रुग्णालयात जरूर कळवावे.

सोसल्याने काय होते?

बाईने दुखणे सोसावे, ही समजूत केवळ आपल्याकडची नाही. एडिंबरोच्या डॉक्टर सिम्प्सन यांनी 1847 साली बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला, तेव्हा तिकडेही कुरबूर झालीच. 1853 साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने आपल्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला, त्यानंतर विरोधाचा जोर ओसरत गेला. आपल्याकडे अजून ‘एवढं तर सहन करायलाच हवं’ हे वाक्य शिल्लक आहे.

ते वाक्य वैद्यकीय दृष्ट्या चुकीचे आहे. दुखते म्हणून बाई खोल श्वास घेत नाही, खोकला दाबते, मग छातीत कफ साठतो. दुखते म्हणून ती उठत नाही, मग आतडी सुस्त राहतात आणि पायांतले रक्त संथ होते. दुखते म्हणून नीट बसता येत नाही, बाळ अंगाला नीट लागत नाही, दूध उतरायला वेळ लागतो. दुखण्याने झोप जाते आणि झोप गेली की दुखणे वाढते. सुरुवातीचे दिवस फार दुखण्यात गेले, तर पुढे दुखणे लांबण्याचे आणि मन खचण्याचे प्रमाण अधिक आढळते. दुखणे कमी करणे हे लाड नव्हेत, तो उपचाराचाच भाग आहे.

माझ्या दवाखान्यात आलेले एक उदाहरण सांगतो. सिझरला दहा दिवस झालेली एक मुलगी. बरोबर सासूबाई. मी मुलीला विचारले, ‘दुखतं का?’ उत्तर सासूबाईंनी दिले, ‘टाक्याचं दुखणारच की हो.’ रुग्णालयाने दिलेल्या गोळ्या घरी आल्या दिवशीच बंद झाल्या होत्या. गोळ्यांची उष्णता दुधात उतरते, असे शेजारणीने सांगितले होते. दुखत असल्याने मुलगी बाजेवरून लघवीपुरतीच उठत होती. डाव्या पोटरीला सूज होती, ती टाक्यांमुळेच असे घरात ठरले होते. मी दोन्ही पोटऱ्या टेपने मोजल्या, तर डावी तीन सेंटिमीटर जास्त भरली. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असावी, म्हणून तिला त्याच दुपारी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. निदान तेच निघाले. औषधे वेळेत सुरू झाली आणि ती बरी झाली. हीच गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती, तर जिवावर बेतले असते.

बाळंतिणीचे रक्त मुळातच गोठण्याकडे झुकलेले असते, सिझरने तो धोका वाढतो आणि पडून राहण्याने त्यात आणखी भर पडते. म्हणून गोळी आणि हालचाल या दोन गोष्टी एकमेकींच्या जोडीने चालतात.

गोळ्या कशा घ्याव्यात?

दुखणे चढले की मग गोळी शोधायची, म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे. पहिले तीन-चार दिवस गोळ्या घड्याळाप्रमाणे घ्याव्यात, दुखो वा न दुखो. पुढे दुखणे उतरेल तशा कमी कराव्यात. बहुतेक बायकांना आठवड्या-दोन आठवड्यांत त्यांची गरज उरत नाही.

पॅरासिटामॉल हा पाया. प्रौढ बाईला 500 मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या सहा-सहा तासांनी देतात. चोवीस तासांत आठ गोळ्यांच्या वर कधीही जाऊ नये. वजन 50 किलोच्या आत असेल किंवा काविळीचा, यकृताचा त्रास असेल, तर डॉक्टर याहून कमी सांगतील. तिच्या जोडीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक यांसारखी सूज उतरवणारी गोळी देतात. ती जेवणानंतर घ्यावी. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, दमा किंवा वाढलेला रक्तदाब असेल, बाळंतपणात रक्तस्राव फार झाला असेल, तर ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

आता मुख्य शंका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दुधात उतरतात, पण अगदी अल्प. ही औषधे थेट तान्ह्या बाळांनाही गरजेप्रमाणे दिली जातात. त्यांनी दूध आटत नाही, कडू होत नाही, ‘उष्ण’ होत नाही. काळजी घ्यायची ती वेगळ्या गोळ्यांची. कोडीन आणि ट्रामाडॉल असलेल्या गोळ्या पाजणाऱ्या आईने स्वतःहून घेऊ नयेत. काही आयांच्या शरीरात त्यांचे तीव्र रूप जास्त तयार होते आणि बाळ गुंगीत जाऊन त्याचा श्वास मंदावू शकतो. दुखण्यासाठी ॲस्पिरिनही नको. दुकानातून ‘अंगदुखीची भारी गोळी’ मागून आणण्याची सवय या काळात तरी सोडावी. अनेक जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच, त्यामुळे दोन नावांनी एकच औषध दुप्पट पोटात जाते. पाकिटावरची औषधांची नावे वाचावीत किंवा वाचून घ्यावीत.

उठणे, खोकणे, पाजणे

रुग्णालयातच, डॉक्टरांनी परवानगी दिली की बहुधा पहिल्या चोवीस तासांच्या आत, उठून उभे राहायचे असते. पहिल्यांदा उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून जवळ कोणीतरी असावेच. थेट पाठीवरून उठू नये. आधी गुडघे दुमडावेत, एका कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि हाताने रेटा देत बसावे. असे केले की पोटावर ताण येत नाही. खाली झोका पडलेल्या बाजेवरून हे जमत नाही. तेव्हा पहिले पंधरा दिवस तरी टणक गादीचा, गुडघ्याइतक्या उंचीचा पलंग द्यावा.

खोकला किंवा शिंक आली की उशी किंवा घडी केलेला टॉवेल जखमेवर दाबून धरावा. कळ निम्म्याने कमी झाल्यासारखी वाटते. खोकल्याने टाके तुटत नाहीत. घरी जाताना रिक्षात, जीपमध्येही हीच उशी पोटाशी धरावी.

पाजताना बाळाचे वजन जखमेवर येऊ नये. कुशीवर निजून पाजावे, किंवा बसून बाळाला काखेखालून बाजूला धरावे, त्याचे पाय आईच्या पाठीकडे. खाली उशी द्यावी. बाळाकडे वाकू नये, बाळाला वर आणावे. निम्मी पाठदुखी येथेच थांबते. कुशीवर पाजताना डोळा लागत असेल, तर बाळाला बाजूला ठेवायला कोणी जागे असावे.

खाणेपिणे आणि जुन्या समजुती

भात, आंबट, केळे, तूप, वांगे या सगळ्यांवर टाके पिकवण्याचा आरोप आहे. सगळे निर्दोष आहेत. टाके पिकतात ते जंतूंमुळे. मधुमेह, रक्तक्षय, ओली राहिलेली जखम आणि न धुतलेले हात हे त्यांचे साथीदार. जखम भरायला उलट प्रथिने लागतात. डाळ, उसळ, दूध, अंडी, मासे, जे घरात चालते ते पोटभर द्यावे. डिंकाचे-अळिवाचे लाडू जरूर द्यावेत, पण भाजी-भाकरीच्या ऐवजी नव्हेत.

पाणी तोडणे ही मात्र घातक रीत आहे. पाणी प्यायल्याने टाक्यांत पू होत नाही आणि पोटही सुटत नाही. पाणी कमी पडले की शौचाला खडा होतो आणि कुंथताना जखमेत कळ येते. तहान लागेल तेवढे पाणी, ताक, पेज, सार द्यावे. पालेभाज्या द्याव्यात. तरी अडचण झाली, तर शौच मऊ करणारे औषध डॉक्टर देतात.

लोहाची गोळी बाळंतपणानंतरही 180 दिवस, रोज एक घ्यायची असते. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. दोन्ही एकदम घेतल्या की लोह नीट शोषले जात नाही.

शेक-शेगडीबद्दल स्पष्ट सांगतो. जखमेभोवतीची कातडी बधिर असते, तिला चटका समजत नाही. पोटाला निखाऱ्याचा किंवा गरम विटेचा शेक देऊन भाजलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. बंद खोलीतली शेगडी आणि धुरी बाळाच्या आणि आईच्याही फुप्फुसाला वाईट. निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साईड वायू दिसत नाही, त्याला वासही येत नाही. हातापायांना, पाठीला तेल लावून हलके चोळावे. पोट चोळू नये. जखमेवर तेल, हळद, राख, पावडर काही लावू नये. रुग्णालयाने सांगितल्याप्रमाणे आंघोळ करावी आणि जखम स्वच्छ कापडाने टिपून कोरडी करावी. पोट सुटलेले असेल तर घडीखालची जागा विशेष कोरडी ठेवावी.

पोट बांधण्याने पोट आत जात नाही. पण रुंद, हलका पट्टा चालताना आधार देतो आणि काहींचे दुखणे त्याने कमी होते. श्वास घेताना अडते एवढा घट्ट बांधू नये, झोपताना सोडावा.

किती दिवसांत काय?

पहिले तीन दिवस सर्वांत जड. आठवड्याच्या शेवटी घरातल्या घरात फिरता येते. दोन आठवड्यांनी बहुतेकींना गोळीशिवाय दिवस काढता येतो. अंगावरून जाणे आधी लाल, मग तपकिरी, मग पिवळसर होत चार ते सहा आठवड्यांत थांबते. कातडी आठवड्या-दीड आठवड्यात जुळते, पण खालच्या मजबूत आवरणाला ताकद यायला काही महिने लागतात. म्हणून सहा आठवडे बाळाहून जड काही उचलू नये. बाळ तीन किलोचे. पंधरा लिटर पाण्याचा हंडा, भांड्याचे वजन सोडून, पंधरा किलोचा. धुण्याची ओली चादर, गव्हाचा डबा, थोरले मूल, सगळे याच हिशेबात. थोरल्याला जवळ घ्यायचे तर आपण बसावे आणि त्याला शेजारी बसवावे. चालणे मात्र रोज थोडे थोडे वाढवावे.

पतिपत्नीसंबंध साधारण सहा आठवड्यांनी, अंगावरून जाणे थांबल्यावर आणि तिची तयारी असेल तेव्हाच. पाळी आली नसली तरी दिवस राहू शकतात. पुन्हा दिवस राहू देण्याआधी दोन वर्षे जावीत हे चांगले, तेव्हा साधनाविषयी सहाव्या आठवड्याच्या तपासणीत बोलून घ्यावे.

हे दुखणे घरी ठेवू नका

एक सोपा नियम सांगतो. सिझरचे दुखणे कालच्यापेक्षा आज थोडे कमी, असे उतरत गेले पाहिजे. उतरलेले दुखणे पुन्हा चढू लागले, तर ते टाक्याचे नेहमीचे दुखणे नव्हे.

एका बाईचे सहाव्या दिवसापर्यंत चांगले चालले होते. मग एका बाजूला ठणका वाढू लागला. नवऱ्याने दुकानातून जास्त ताकदीची गोळी आणली, तीन दिवस दिली. त्या गोळीने ठणकाही दबला आणि तापही दबला, त्यामुळे ‘ताप नाही ना’ म्हणून घर निर्धास्त. माझ्याकडे आली तेव्हा जखमेचा कोपरा लाल, कडक आणि आत पू. तो काढावा लागला, पंधरा दिवस पट्ट्या चालल्या. पहिल्याच दिवशी दाखवले असते, तर एवढे झाले नसते.

पुढीलपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा :

ताप 100.4 अंश फॅरनहाईट किंवा जास्त, थंडी वाजणे.
जखम लाल, गरम, कडक होणे, पू किंवा पाणी येणे, टाका उसवणे.
अंगावरून दुर्गंधी येणारे जाणे, ओटीपोटात वाढते दुखणे.
लघवीला जळजळ किंवा लघवी अडणे.
स्तनावर लाल, दुखरा, कडक भाग आणि ताप.

आणि पुढील गोष्टींत सकाळ होण्याची वाट पाहू नये, 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी :

तासाभरात एक पॅड किंवा घडी पूर्ण भिजेल एवढा रक्तस्राव, मोठ्या गाठी, चक्कर, घाम.
एकाच पायाच्या पोटरीला किंवा मांडीला सूज व दुखणे. छातीत दुखणे, एकाएकी दम लागणे.
तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटका. बाळंतपणानंतरही सहा आठवड्यांपर्यंत रक्तदाब वाढू शकतो, गरोदरपणी तो नॉर्मल असला तरी.

तीन महिन्यांनंतरही जखमेत दुखत असेल, किंवा पाळीच्या वेळी जखमेपाशी गाठ येऊन ठणकत असेल, तर तेही दाखवावे. त्यालाही नाव आहे आणि उपचारही आहेत.

मनाचे दुखणे

बाळंतपणानंतर आठ-दहा दिवस उगाच रडू येते, ते बहुधा आपोआप जाते. पण दोन आठवडे उलटूनही उदास वाटणे, बाळ झोपले तरी झोप न येणे, बाळाविषयी माया न वाटणे, जगू नये असे वाटणे, हा आजार आहे. नाटक नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. ‘मला नीट बाळंत होता आलं नाही’ ही खंत सिझर झालेल्या अनेक मुलींच्या मनात असते. तिला कोणी बोलत नाही ना, एवढे घराने पाहावे. सरकारचा टेलिमानस हा विनामूल्य मदतक्रमांक 14416 रात्रंदिवस चालू असतो. जीव देण्याची किंवा बाळाला इजा करण्याची भाषा आली, तर तिला एकटे सोडू नये, त्याच वेळी रुग्णालयात न्यावे.

घरच्यांनी काय करावे?

खर्चाच्या भीतीने औषधे अर्धवट सोडू नयेत. 2011 पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातले सिझर, औषधे, तपासण्या, गरज पडल्यास रक्त, सिझरनंतर सात दिवसांपर्यंतचे जेवण आणि घरी पोचवणारे वाहन मोफत आहे. आशाताई 42 दिवसांपर्यंत घरी भेटी देतात. त्या बाळाचे वजन करायला आल्या, की आईचे दुखणेही त्यांच्या कानावर घालावे.

नवऱ्याने गोळ्यांच्या वेळा एका कागदावर लिहून भिंतीला लावाव्यात आणि घेतलेल्या गोळीपुढे खूण करावी. रात्रीच्या एका पाजण्याला उठून बाळ तिच्या हातात द्यावे आणि नंतर लंगोट बदलावा. पाण्याचा हंडा सहा आठवडे दुसऱ्या कोणीतरी उचलावा. सासूबाईंना आणि आईला माझी एक विनंती आहे. डॉक्टरांनी ‘दुखतं का?’ असे विचारले की दोन क्षण थांबावे आणि उत्तर तिला देऊ द्यावे.

आणि बाळंतिणीने ते खरे द्यावे. दुखत असेल तर ‘दुखतं’ म्हणावे. कुठे, कधीपासून आणि कालपेक्षा कमी की जास्त, एवढे सांगितले तरी डॉक्टरांचे निम्मे काम होते.